सव्वीस इंच किंवा त्याहून जास्त

आमच्या ताईचं लग्न बीजगणितामुळे मोडता मोडता राहिलं.

यात बीजगणिताची काही चूक नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. मी तेव्हा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच माणूस. (त्यामुळे बल्ब गेला तरी माझं मत घेतलं जायचं.) ऐन मे महिन्यात ताईला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून बाबांनी नवा कूलर बनवून घ्यायचं ठरवलं. गल्ली अरुंद असल्यानं गज काढून तो खिडकीच्या चौकटीतच बसवायचा होता.

"केवढा पायजे थे तू काढ," बाबा म्हणाले. "कॉलेजात कशाले जाऊन राहिला मंग?"

मी कागद घेतला. खिडकी तीस इंच. बाजूच्या फळ्यांसाठी कमीत कमी चार इंच उरायला हवेत. कूलर म्हणजे क्ष. तीस वजा क्ष, हे चार किंवा त्याहून जास्त. तीस पलीकडे नेले. उणे क्ष, हे उणे सव्वीस किंवा त्याहून जास्त. दोन्हीकडचं उणे उडवलं. उत्तर आलं: क्ष सव्वीस किंवा त्याहून जास्त!

(उणे उडवताना मधलं चिन्ह उलटं करायचं असतं. सरांनी ते सांगितलं, तेव्हा मी पेनात रिफिल घालत होतो.)

"बाबा, कमीत कमी सव्वीस इंच पाहिजे. जास्त झाला तरी चालेल."

"किती जास्त?"

"कितीही!"

"मंग छत्तीसचाच सांगतो!" बाबा खूश. "पाहुण्याइले थंडी वाजली पायजे!"

"काहून गा, थो मावीन काय खिडकीत?" आईनं विचारलं.

"आई, गणितानं काढलंय."

वितीनं खिडकी मोजायला निघालेली माझी आई तिथूनच परत फिरली.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी कूलर आला. आडवा, उभा, तिरपा, कसाच खिडकीत जाईना! बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे. शेवटी शेजाऱ्यांना बोलावून बाबांनी तो आमच्या एकुलत्या एका दारात ठोकून बसवला. दार बरोबर छत्तीस इंच. इतका चपखल बसला, की नंतर हलेचना!

तेवढ्यात पाहुणे आले.

"या, या!" बाबा म्हणाले.

"कुठून?" मुलाच्या मामांनी विचारलं.

बाबांनी खिडकी दाखवली.

मुलगा स्टुलावर चढून सहज आत गेला. मामा मात्र मध्येच अडकले. बाहेरून मी आणि बाबा ढकलतोय, आतून मुलगा आणि ताई एकेक हात धरून ओढताहेत!

"मामाजी, श्वास सोडा नं थोडा!" ताई ओरडली. मुलगा हसायला लागला, मग तीही. बघण्याचा कार्यक्रम मामांच्या डोक्यावरूनच पार पडला.

पोहे खाऊन झाल्यावर मामांनी घसा खाकरला. "पोरगी पसंत आहे. पण आमची एक अट आहे."

बाबांचा चेहरा उतरला. आईचा हात पदराशी गेला.

मामांनी माझ्याकडे बोट केलं. "लग्नाच्या मांडवाचं माप या पोराले काढू द्याचं नाही!"

बाबांनी जागच्या जागी होकार दिला. आमच्या घरात माझं मत न घेता झालेला तो पहिला निर्णय.