बुरूजसर

आमचे इतिहासाचे सर सगळा किल्ला फिरवायचे, पण पाण्याकडच्या बुरुजापाशी आले की चपला काढून खालीच थांबायचे. वर पाऊल टाकायचे नाहीत आणि आम्हालाही टाकू द्यायचे नाहीत. सर भुताला भितात, असं म्हणत आम्ही मुली खुसखुसायचो. गावाने त्यांचं नावच बुरूजसर पाडलं.

किल्ला बिलोलीच्या पुढे, तळ्याच्या मधोमध. पलीकडचा काठ तेलंगणाचा. जुन्या काळी ही हद्दीवरची चौकी होती. राज्यं बदलली, हद्दी सरकल्या, शिपाई निघून गेले आणि आत वेड्या बाभळी माजल्या. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की चालत जाता येई, एरवी थर्माकोलचा तराफा. सरांना पोहता येत नव्हतं. ते तराफ्याच्या मधोमध मांडी ठोकून बसायचे, चेहरा पांढराफटक, पण शिकवणं चालूच. "किल्ला राहणाऱ्याला इचारू नका, बांधणाऱ्याला इचारा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

बुरुजाची गोष्ट त्यांना त्यांच्या आजीने सांगितलेली. बुरूज पाण्यात सारखा खचायचा, म्हणून त्यांच्या वस्तीतला सटवा नावाचा तरुण बुरुजाच्या पायाखाली जिवंत पुरला. त्याबद्दल वस्तीला दसऱ्याच्या पहिल्या नारळाचा मान मिळाला. वस्तीने बुद्धाचा धम्म घेतला तेव्हा सरांच्या आजोबांनी तो नारळ परत केला. मान आमच्या पाटलांच्या घराकडे आला आणि गावाच्या गोष्टीत सटवाच्या जागी बोकड आला. मी बोकडाचीच गोष्ट ऐकत वाढले होते.

पुढे ग्रामपंचायतीने किल्ल्यात इतिहासाची दगडी पाटी बसवायचं ठरवलं. सरपंच माझे चुलते, आप्पा. मजकूर अर्थातच सरांनी लिहायचा होता. त्यांनी सटवाचं नाव घातलं. आप्पांनी ते काढून बोकड कोरून आणला.

पाटी बसवायच्या दिवशी सगळं गाव काठावर. एका अंगाला आमची माणसं, दुसऱ्या अंगाला वस्तीतली, झाडाखाली पोलिसांची गाडी. पाटी तराफ्यावर चढवली आणि सर सरळ पाण्यात उतरले. तराफ्यापुढे छातीइतक्या पाण्यात जाऊन उभे राहिले. माझ्या चुलतभावाने बांबू उचलला, तशी वस्तीतली पोरं पुढे सरकली. सर वस्तीकडे वळून म्हणाले, "कुणी हात उचलायचा न्हाई." मग आप्पांना म्हणाले, "लावा पाटी, पाटील. पण बोकड पुरला म्हणून वस्तीला मान कुणी देतं का, तेवढं सांगा."

आप्पांनी पुरावा मागितला.

"बुरूज खणा," सर म्हणाले.

आप्पांचा चेहरा उतरला. खणायला कुणी तयार नव्हतं. शेवटी फौजदाराने सरांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि पाटी किल्ल्यात गेली. सर कुडकुडत काठावर बसून राहिले. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि आमच्या घरच्यांसमोर ते पुसायचीही मला चोरी.

त्यानंतरही दरसाल ते पोरांना किल्ल्यात नेत राहिले. पाटीकडे पाठ करून सटवाची गोष्ट सांगायचे. तक्रारी झाल्या, बदलीच्या धमक्या आल्या. त्यांनी एक शब्द बदलला नाही.

गेल्या वर्षी सर गेले. शोकसभेहून मी घरी आले तर आप्पा ओसरीवर एकटेच बसलेले. कोण कोण आलं होतं ते त्यांनी विचारलं, आणि मग म्हणाले, "सटवाच हाय त्यात. आमच्या आईनं सांगितलं होतं मला. पण त्याचं नाव घातलं असतं, तर पुरणारा कोण, हेबी लिहावं लागलं असतं."

"सर असताना बोलायचं होतं, आप्पा."

मला त्यांचा राग आला, तो अजून गेलेला नाही.

मी आता जळकोटला इतिहास शिकवते. आमच्या किल्ल्याचा धडा पुस्तकात नाही, तरी मी तो घेते. सटवाचं नाव फळ्यावर लिहिते आणि त्याच्याखाली पुरणाऱ्यांचं आडनाव. पोरं चमकून माझ्याकडे बघतात, कारण ते माझंच आहे.