खरेदीखतातली धाकटी बहीण

तहसीलच्या खिडकीतल्या कारकुनानं माझा अर्ज एका बोटानं परत सरकवला. मला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, जातीचा दाखला हवा होता. तो म्हणाला, आज्याचा जुना कागद आण. मी सांगितलं, आजा शाळेत गेला नाही, त्याला जमीन नव्हती, कागद कुठला असणार? तो शेजारच्याकडे बघून हसला.

"मग तुझा आजा होता कशावरून?"

रांगही हसली. बा माझ्या मागं उभा होता. वीटभट्टीवरून तसाच आलेला. त्यानं मान खाली घातली. मीपण घातली.

आम्ही कातकरी, जुन्या कागदांत काथोडी. बाला एवढंच ठाऊक, की त्याचा बाप सोम्या अंजूरला एका जमीनदाराकडे लग्नगडी होता. मालकानं लग्न लावून द्यायचं आणि नवराबायकोनं जन्मभर त्याच्याकडे राबायचं, ते लग्नगडी. पुढं तो पडघ्याला, आम्ही राहतो तिथं, कसा आला, ते बाला माहीत नव्हतं.

अंजूरच्या खानेसुमारीची, म्हणजे जनगणनेची, एक जुनी वही बघायला मिळाली. जमीनदाराचं नाव, बायकोचं, पोरांचं. खाली लिहिलेलं, गडीमाणसे चार, जनावरे सहा. चारांतला माझा आजा कोणता? मी त्या आकड्याकडे बघत बसले.

कितीतरी खेपा घातल्यावर नोंदणी कार्यालयात एका खरेदीखताची नक्कल मिळाली. अंजूरच्या जमीनदारानं पडघ्याच्या मालकाला शेत विकलं होतं. शेत. विहीर. बैल दोन. मग, 'गडी सोम्या काथोडी बायकोसह, त्याचे कामाचा हक्क घेणाराकडे.' आणि शेवटी, 'सोम्याची धाकटी बहीण घरकामास देणाराकडेच राहील.' देणारा म्हणजे विकणारा, अंजूरचा जमीनदार.

मी बाला वाचून दाखवलं. त्यानं परत वाचायला लावलं.

"माला आत्या व्हती?"

कार्यालयाच्या पायरीवरच तो बसला. उठेना.

आज्याला बैलांनंतर लिहून विकला, त्याच ओळीवर मला दाखला मिळाला. हातात घेतला तेव्हा आनंद झाला नाही.

आम्ही अंजूरला गेलो. जमीनदाराच्या नातवाची आता गोडाऊनं आहेत. त्यानं आम्हाला अंगणातच उभं ठेवलं. मी नक्कल पुढं धरून आज्याच्या बहिणीचं विचारलं. विकलं वगैरे काही नाही, म्हणाला, तेव्हाची पद्धतच तशी होती. आजोबांनी तिला घरच्यासारखी ठेवली होती.

"मग तिचं नाव सांगा," मी म्हणाले.

घरच्यासारखी, आणि नाव माहीत नाही. मग तो म्हणाला, तुझ्या बापाला गोडाऊनवर वॉचमन लावतो, पण हे जुनं उकरायचं बंद कर. बाचे हात सवयीनं जोडले गेले. मी ते धरून खाली केले.

"काम नको. नाव पाहिजे."

ती कधी मेली, कुठं पुरली, तिला पोरंबाळं झाली का, कोणी सांगत नाही. कदाचित सांगणारं कोणी उरलंच नसेल. तरी मी अंजूरच्या एकेका म्हाताऱ्या माणसाला विचारणार. जन्ममृत्यूच्या वह्या पानापानानं बघणार. त्या अंगणात पुन्हा जाणार, हाकललं तरी जाणार. ती आमची होती. तिचं नाव मी त्यांच्याकडे राहू देणार नाही.