चादरी घालणारीचा हात

माझ्या शेजारच्या खोलीत राहणारी बाई लॉन्ड्रीत चादरी घालते. घालते म्हणजे अंथरत नाही, तापलेल्या रोलरमध्ये सरकवते. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुऊन, पिळून येतात. रोलरच्या तोंडाशी दोघी उभ्या राहतात. एकीच्या हातात एक टोक, दुसरीच्या हातात दुसरं. दोघींनी एकाच वेळी, सारख्या ताणाने चादर पुढे द्यायची. एकीने ओढली की सुरकुती पडते, आणि रोलरखालून गेलेली सुरकुती पुन्हा धुतल्याशिवाय जात नाही. अर्धा दिवस घालायचं काम, अर्धा दिवस पलीकडे उभं राहून वाफाळती चादर झेलायचं.

त्याच लॉन्ड्रीत रिटायर होईपर्यंत मी बॉयलर सांभाळला. तो रोलर माझ्या वाफेवर तापायचा. तिथे उभ्या राहणाऱ्या खूप जणी पाहिल्या. बहुतेक जणी जोर लावतात. जोर लावणं म्हणजे काम नव्हे. ही जोर लावत नाही. समोरचीच्या हाताकडे बघते आणि तेवढंच देते. माझ्या मते तिथली सगळ्यात चांगली कामगार हीच. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असती, "काका, आज चहात साखर जास्त पडली वाटतं."

तिच्यासमोर उभी असते ती थोरली. वयाने थोरली, अंगाने थोरली, आवाजाने तर विचारूच नका. दोघींचे हात एकमेकींना सवयीचे झालेत.

माझ्या शेजारणीचा नवरा लांबच्या ट्रकवर असतो, घरी पाहुण्यासारखा येतो. घरात ही आणि हिची मुलगी. मुलीला सगळे भिंगरी म्हणतात. पहिलीत आहे. एका जागी उभी राहिलेली मी तिला फक्त दात घासताना पाहिली आहे, आणि तेव्हाही एका पायावर.

या भिंगरीला शाळा सारखी घरी पाठवायची. नाक वाहिलं, घरी. खोकली, घरी. डोळे चोळले, डोळे आले असतील, घरी. फोन लॉन्ड्रीत मुकादमाच्या टेबलावर वाजायचा. मुकादम यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून हाक मारायचा. ही हातातलं टोक सोडून धावायची, आणि थोरली दुसरं टोक धरून उभी. एकटीने चादर जात नाही. रोलर रिकामा फिरायचा. फुकट गेलेल्या वाफेचं दुःख मला विचारा.

आणि घरी आणलेली आजारी मुलगी? जिन्याच्या पायऱ्या गाळत, उड्या मारत वर यायची.

दुपारी मी पाय मोकळे करायला शाळेच्या बाजूने जातो. फाटकाशी आईबापांची बोलणी कानावर पडायची.

"काल माझा पोरगा आजारी म्हणून ताब्यात दिला," शिंपी म्हणाला. "कोपऱ्यापर्यंत येतो तोच ठणठणीत!"

"हवापालट झाली ना त्याला," बस चालवणारा म्हणाला. "माझ्या पोरीला तर हसताना ठसका लागला. म्हणून घरी. मी म्हटलं, बाई, तुमच्याकडे हसायला बंदी आहे का?"

सगळे हसले. शाळेचा फोन आला म्हणून काम सोडून आलेली भिंगरीची आई हसली नाही. "तुमचं दुकान तुमचं आहे, दादा," ती शिंप्याला म्हणाली. "कुलूप लावलं की निघालात. माझ्या हातातलं टोक मी कुणाच्या हातात देऊ?"

शेवटी मुकादमाने तिला बाजूला घेतलं. माणूस वाईट नाही. म्हणाला, "तू कामाला चांगली आहेस. पण मध्येच उठून जाणारं माणूस रोलरवर चालत नाही. आता एकदा जरी गेलीस, तर मळक्याच्या खोलीत."

मळक्याची खोली म्हणजे जिथे इस्पितळाची गाठोडी सोडतात. हातमोजे देतात, तोंडाला बांधायला देतात, तरी ती खोली ती खोलीच. त्या संध्याकाळी जिन्यात उभी राहून ती मला म्हणाली, "वासाचं काही नाही हो काका. पण तिथून अंगावर काय काय घेऊन मी हिच्याजवळ येऊ? मग शाळेला फोन करायला खरंच कारण मिळेल."

पुढच्याच आठवड्यात ती सकाळ आली. दारात तिने भिंगरीच्या कपाळावर तळवा ठेवला. रोजच ठेवायची. "गार आहे. चल," म्हणाली आणि दोघी निघाल्या.

दुपार व्हायच्या आधी माझा फोन वाजला. मागे रोलरची घरघर.

"काका, शाळेतून फोन आला. म्हणतात, अंगात कणकण आहे. मी सकाळी हात लावला होता हो, गार होती! मुकादम इकडेच बघतोय. तुम्ही जाल का? तुम्ही याल म्हणून बाईंना सांगितलंय मी."

मी गेलो. रागातच गेलो. वाटेत काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं.

बाई तरुण होत्या. केसांत पेन्सिल खोचलेली, नाक त्यांचंही लाल. भिंगरी बाकावर बसून पाय हलवत होती.

"आजोबा ना तुम्ही हिचे?"

"शेजारी. कुठे आजारी आहे ही? पाय तर हलवतेय."

"पाय हलवल्यानं ताप जात नाही."

"आईनं सकाळी हात लावून बघितलंय."

"मग तुम्हीही लावून बघा."

मी भिंगरीच्या कपाळावर हात ठेवला. नीट ठेवला, घाई केली नाही. "गार आहे," मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो.

बाईंनी थर्मामीटर भिंगरीच्या काखेत धरला आणि तो वाजल्यावर माझ्यापुढे केला. ताप होता. फार नव्हता, पण होता.

"नुसत्या शिंकेला आम्ही पाठवतो, ते चुकतही असेल," बाई म्हणाल्या. "पण एकाला ठेवून घेतलं की अर्धा वर्ग खोकायला लागतो. मग बाकीच्या आया मलाच विचारतात. माझं पोरगंही घरी सासूबाईंजवळ पडलंय, सर्दीनं. मी तरी कुठे जाऊ शकले?"

जुळवून आणलेल्यातलं एकही वाक्य इथे बसत नव्हतं. मी माझ्या तळव्याकडे पाहिलं. जन्मभर या हाताने तापलेले व्हॉल्व्ह फिरवले. उकळत्या चहाचा ग्लास मी तसाच उचलायचो. चहावाला म्हणायचा, "काका, हात आहे की पकड?" या हाताला बारीक ताप कसा कळणार? आणि जी अर्धा दिवस वाफाळत्या चादरी झेलते, तिच्या हाताला तरी कसा कळणार?

भिंगरीला घरी आणलं. जिन्यात तिने उड्या मारल्या नाहीत. माझ्या खाटेवर निजली.

संध्याकाळी तिची आई धापा टाकत वर आली. चेहरा फुललेला. "नाही गेले मी, काका! शेवटपर्यंत टोक सोडलं नाही." मग वाकून तिने भिंगरीच्या कपाळावर हात ठेवला. "बघा, गारच तर आहे. ही शाळा म्हणजे ना..."

"हात नको," मी म्हणालो. "गाल लाव."

"काय?"

"गाल लाव तिच्या कपाळाला."

तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं, पण वाकली. वाकली ती वाकलेलीच राहिली.

"अगं बाई," ती अगदी हळू म्हणाली.

"आई, तुझं कानातलं टोचतंय," भिंगरी पुटपुटली.

कानातलं काढलं, पण गाल उचलला नाही. तशीच विचारत राहिली, "म्हणजे इतके दिवस मी हिला तापात पाठवत होते?"

"इतके दिवस नाही. कितीदा तरी ती नुसतीच शिंकलेली. शाळेचंही सगळं बरोबर नाही."

"पण आज होता ना?"

"आज होता."

ती उठून बसली आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. "चादरीच्या कोपऱ्यात ओल राहिली तर या हातांना कळतं, काका. स्वतःच्या पोरीचं कळत नाही?"

"कामाचे हात आहेत. ते कामाचंच सांगणार. गाल काही रोलरवर ठेवलेला नाहीस."

एवढ्यावर ती थोडी हसली. मग चेहरा पुन्हा उतरला. "उद्या हिला कशी पाठवू? आणि नाही गेले तर मळक्याची खोली."

"मुकादमाला काय नको आहे? मध्येच उठणं. मग मध्येच उठू नको. आत्ताच सांग."

तिने माझ्यासमोरच फोन लावला. मुकादमाचा आवाज असा की फोन कानाला लावायची गरज नाही.

"उद्या नाही येत? बरं. टॉवेलवालीला उभी करतो थोरलीसमोर. अगं, पण हे असं आदल्या दिवशी सांगता येत नव्हतं का कधी?"

"आधी मला कळत नव्हतं."

"काय कळत नव्हतं?"

"ताप."

मग तो म्हणाला, "पोरीला बरं वाटलं की ये. रोलरवरच ये. नाहीतर थोरली त्या टॉवेलवालीला रडवून सोडेल."

फोन ठेवून ती पुन्हा भिंगरीजवळ बसली. हात नाही लावला. गाल लावला.

शाळा अजूनही साध्या शिंकेला फोन करते. त्या दिवशी मी जातो. बाईंशी थोडं भांडतो, मुलीला घेऊन येतो. रोलर चालू राहतो. पण रोज सकाळी दारात आई वाकते, गाल टेकवते, आणि गरम लागलं तर मुकादमाला काम सुरू व्हायच्या आत फोन जातो. थोरली रिकामं टोक धरून उभी राहत नाही.

भिंगरीला आता तोच नाद लागलाय. बाहुलीचा ताप बघते, भिंतीचा बघते. परवा माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"आजोबा, खाली वाका."

वाकलो. तिने माझ्या कपाळाला गाल लावला आणि तोंड गंभीर केलं.

"गार आहे. जा कामाला."

"अगं, मी रिटायर झालोय. कुठे जाऊ?"

"मग मला शाळेत सोडा."

मी चप्पल घातली आणि तिचं दप्तर उचललं.