शेवाळावरची माच

आमच्या घरात शेवाळाला जो मान होता तो मला, नव्या सुनेला, कधी मिळाला नाही. हे मी रागाने म्हणत नाही, निदान आता तरी नाही.

मी लग्न होऊन नवापूरला आले ती दुसरी लढाई पेटण्याआधी दोन-तीन वर्षं. सासरे मारवाडातून आलेल्या जैन व्यापाऱ्याचे चिरंजीव. बाजारपेठेत किराण्याचं दुकान, दुकानामागे घर, घरामागे उताराचं परस आणि उताराच्या तळाशी आमच्या समाजाचं स्थानक. चातुर्मासात साध्वी तिथे मुक्कामाला असत, रोज सकाळी प्रवचन होई. आमच्या मागच्या दारापासून स्थानकाच्या पडवीपर्यंत मोजून साठ पावलं. मी स्वतः मोजली होती, कारण त्या साठ पावलांनी आमच्या घरात फार गोंधळ घातला होता.

माझं माहेर धुळ्याकडचं, कोरडं. नवापूरला आषाढात जी ओल धरते ती दिवाळीपर्यंत सुटत नाही. पापड मऊ पडतात, काडेपेटी पेटत नाही, ट्रंकेतल्या शालूला बुरशीचा वास येतो. आणि परस हिरवं होतं. फरशा, विहिरीचा कठडा, भिंतींचे पायथे, सगळं हिरवं आणि निसरडं. आमच्या धर्मात शेवाळ म्हणजे असंख्य जीव. त्यावर पाय द्यायचा नाही, ते खरवडायचं नाही, दुसऱ्याकडून खरवडून घ्यायचं नाही, आणि कोणी खरवडलं तर मनात बरं वाटून घ्यायचं नाही. करणं, करवणं, बरं वाटून घेणं, तिन्हींचं पाप सारखंच. पावसाआधी चुना फासून ठेवायचा, आणि तरीही शेवाळ आलंच तर हात जोडून बसायचं.

मी आपली जमेल तेवढं पाळायची. गल्लीतून, दगड बघत, उड्या मारत स्थानकात जायची. सासूबाईंचं तसं नव्हतं. चातुर्मासात हिरव्यावर पाऊल टाकणार नाही असा त्यांनी नियम घेतलेला होता आणि त्यांचा नियम म्हणजे दगडावरची रेघ. पुढची वाट बाजारातून वळसा घालून त्याच गल्लीत येई, आणि पावसाळ्यात ती गल्ली म्हणजे ओढाच. त्यामुळे अकरा चातुर्मास त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. सकाळी तोंडाला मुहपत्ती बांधून मागच्या उंबऱ्यावर बसत आणि खालून येणारं प्रवचन ऐकत. कौलांवर पाऊस वाजू लागला की तेही ऐकू येत नसे. मी परतले की विचारत, “काय सांगितलं आज?” मी निम्म्या प्रवचनात डुलक्या घेतलेल्या असत. मग जे सुचेल ते सांगून मोकळी होई. त्या शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, “हेच तू परवाही सांगितलंस.”

एका फाल्गुनात बातमी आली की येत्या चातुर्मासाला ज्या साध्वी येणार आहेत, त्यांत सासूबाईंची धाकटी बहीण आहे. तिने सतराव्या वर्षी दीक्षा घेतली होती. त्यानंतर दोघींची एकदाही भेट झाली नव्हती, सव्वीस वर्षं. दीक्षा घेतल्यावर नातं उरत नाही. साध्वीने बहिणीच्या ओढीने बहिणीच्या दारी यायचं नसतं. जायचं तर सासूबाईंनीच जायला हवं होतं.

“धाकटी बहीण ना तुमची?” मी विचारलं.

“कोण बहीण? आता त्या महासतीजी,” सासूबाई म्हणाल्या. त्या दिवशी डाळीत मीठ दोनदा पडलं.

सासऱ्यांनी ती डाळ मुकाट्याने संपवली, हात धुतले आणि म्हणाले, “परसात लाकडी ओटा घालू. दारापासून थेट स्थानकापर्यंत. जमिनीला पाय लागणारच नाही.” त्या संध्याकाळी मी सासूबाईंना पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं.

ओला जीव असलेलं झाड आमच्यासाठी तोडायचं नाही, म्हणून सासऱ्यांनी मोडीत निघालेल्या एका कापसाच्या जिनाचं जुनं सागवान विकत घेतलं. कामाला डोंगराकडच्या पाड्यावरचा कोकणी जमातीचा सुतार आला. घरी तो आपली बोली बोले, आमच्याशी बाजारातली अहिराणी. कमी बोलणारा माणूस. परसाचा उतार चालत उतरला, चालत चढला आणि म्हणाला की एका पातळीत हे व्हायचं नाही. तीन माचा कराव्या लागतील. पहिली दाराच्या उंबऱ्याला लागून, दुसरी विहिरीच्या बाजूने दीड हात खाली, तिसरी त्याहून खाली, स्थानकाच्या पडवीला भिडणारी. मधे दोन-दोन पायऱ्या. तेव्हापासून आम्हीही तिला माच म्हणू लागलो.

चैत्रात खांब उभे राहिले, वैशाखात तुळया बसल्या. फळ्या मारायची वेळ आली आणि घोडं तिथे पेंड खायला लागलं.

“शेठ, दोन फळीस्मा बोटभर जागा सोडनी पडी,” सुतार म्हणाला. “नहीतं पानी कोठे जाई? लाकूड पानी पेस, मंग फुगस.”

“फटीस्मा किडा-मुंगी शिरतीन,” सासरे म्हणाले. “वरथून पाय पडना म्हंजे मरतीन. एक बी फट नको.”

मग सुताराने फळ्यांना डोळीचं तेल लावू म्हटलं. डोळी म्हणजे मोहाची बी. मोहाचं नाव निघताच सासऱ्यांनी कानांवर हात ठेवले. ज्या झाडाची दारू होते त्याचं तेल, आणि त्यावरून बायका प्रवचनाला जाणार? सुताराने सासऱ्यांकडे पाहिलं, रंधा उचलला आणि म्हणाला, “तुम्हनं घर, तुम्हना पाय.”

मी दाराआड डाळ निवडत हे सगळं ऐकत होते. सुताराचं बरोबर आहे हे मला लख्ख कळत होतं. पाण्याला वाट नसली की काय होतं हे कळायला सुतार असावं लागत नाही, रोज मोरी धुतली तरी पुरतं. पण आमच्यात सून सासऱ्यांशी बोलत नाही. घुंघट ओढून गप्प बसायचं. बोलायचंच तर सासूबाईंना सांगायचं, अशा बेताने की सासऱ्यांना ऐकू जावं. तेही मी केलं नाही. नव्या सुनेने नाक खुपसलं असं कोणी म्हणेल, याची भीती. त्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते.

माच मात्र सुरेख झाली. फळीला फळी अशी भिडवलेली की नखही शिरू नये. ज्येष्ठात साध्वी आल्या, गावाबाहेर सगळे सामोरे गेले. नेमका त्याच दिवशी सासूबाईंना ताप होता. “आता काय घाई आहे,” त्या अंथरुणातून म्हणाल्या. “चार महिने माच आहे.”

ताप आठ दिवस हटला नाही, अंगातली शक्ती गेली. त्या उभ्या राहीपर्यंत पाऊस सुरू होऊन पंधरवडा झाला होता. त्या सकाळी त्यांनी धुतलेली पांढरी साडी नेसली, मागचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबल्या. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. पाणी फळ्यांवर साचून राहिलं होतं आणि माच हिरवी झाली होती. पहिली, दुसरी, तिसरी, थेट पडवीपर्यंत. परसातल्या शेवाळाला आम्ही सागवानी सिंहासन करून दिलं होतं.

खरवडता येईना, मोडता येईना. मोडायची म्हणजे सुतार त्यावर चढणार, आणि तो चढणार ते आमच्या सांगण्यावरून. सासूबाईंनी साफ नाही म्हटलं. सासऱ्यांची जी काही अवस्था झाली ती बघवत नव्हती. ते दुकानातून मागे येईनासे झाले, जेवायलाही पुढच्या खोलीत बसू लागले. सासूबाईंनी पुन्हा उंबरा धरला. आता प्रवचनात मधून मधून एक नवा आवाज येई, जरा बसका. तो आला की त्या मान तिरकी करून ऐकत, आणि मी जवळ असले तर हाताने गप्प बसायला सांगत. मी त्या दिवसांत प्रवचनात एकदाही डुलकी घेतली नाही. शब्द न् शब्द घरी आणून देत होते. पण आवाज कुठून आणणार?

श्रावण संपत आला, संवत्सरी दहा दिवसांवर आली. त्या दिवशी सगळे एकमेकांची क्षमा मागतात. वर्षातला तो एक दिवस चुकला की मग काय, हे आमच्या घरात कोणी बोलत नव्हतं. दिवाळी झाली की साध्वी चालू पडणार, आणि पुन्हा सव्वीस वर्षं कोण जगतं?

अशात एका दुपारी सुरतेच्या बाजूने वादळ आलं. आकाश तांबूस काळं झालं, बाजारातली छपरं उडू लागली. आम्ही दोघी मागचं दार लावायला धावलो आणि दाराला धरूनच उभ्या राहिलो. दोन महिने पाणी प्यायलेल्या फळ्या फुगल्या होत्या. फुगायला जागा नाही म्हणून त्या मधोमध वर उचलल्या गेल्या होत्या आणि लाकडी खुंट्या ढिल्या पडल्या होत्या. वारा खालून शिरला. पहिली फळी उठली, उभी राहिली आणि विहिरीपलीकडे जाऊन पडली. मग दुसरी. मग तर सपाटाच लागला. पाव तासात तिन्ही माचांच्या फळ्या परसभर पसरल्या, काही पार रंगावली नदीच्या काठाला गेल्या. उरले फक्त खांब आणि तुळया.

मी सासूबाईंकडे पाहिलं. पाऊस त्यांच्या तोंडावर येत होता आणि त्या हसत होत्या. मग एकदम त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सुतार आपणहून आला. उंबऱ्यात उकिडवा बसून त्याने जवळची तुळई चाचपली आणि सासऱ्यांना बोलावलं. “देखा शेठ. तुळईवर हिरवं नही शे.”

“काय लावेल शे?”

“डोळीनं तेल. तुम्ही वरना फळीस्ले नही म्हनात. खालना लाकूडनं काही बोलनात नही.”

आता सासरे भडकणार असं मला वाटलं. ते तुळईकडे बघत राहिले. तेव्हा मी सासूबाईंकडे तोंड करून, पण चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, “बोटभर फट ठेवली तर पाणी खाली जाईल. आणि चालताना फटीकडे बघूनच पाय टाकता येईल, तसंही आपण खाली बघूनच चालतो.” लग्नानंतर सासऱ्यांनी माझा आवाज ऐकला तो हा पहिला.

ते भिंतीकडे बघून म्हणाले, “बरोबर आहे.” आणि सुताराला म्हणाले, “मंग आते वर बी लाव तेल.”

पण भर पावसात कोरड्या फळ्या आणायच्या कुठून? दुपारी दुकानातून धडाधड आवाज येऊ लागले. सासऱ्यांनी दुकानाची मांडणी उतरवायला घेतली होती. वर्षानुवर्षं तेलाचे डबे ठेवून ठेवून त्या फळ्या काळ्या, गुळगुळीत झाल्या होत्या. माल जमिनीवर, गोणीवर, खाटेवर. गिऱ्हाइकाने विचारलं तर म्हणत, दुकान झाडतोय.

सुताराला अट एकच होती, जमिनीला पाय लावायचा नाही. तो उंबऱ्यात बसला, पहिली फळी तुळयांवर ठोकली, तिच्यावर सरकला, आम्ही दारातून पुढची फळी दिली, ती ठोकली, तिच्यावर सरकला. असा बसल्या बसल्या पुढे जात राहिला. “बाप जन्ममा असं काम करं नही,” एवढंच तो एकदा म्हणाला, पण पाय वर घेऊनच. सहा दिवसांत तो स्थानकाच्या पडवीला पोचला. रोज पाऊस पडत होता आणि रोज पाणी फटींतून खाली जात होतं. फळ्या काळ्याच्या काळ्या.

संवत्सरीच्या सकाळी सासूबाई निघाल्या. मी मागे होते. पहिल्या माचेवर त्यांनी प्रत्येक फळीवर थांबून खाली पाहिलं, दुसरीवर जरा कमी, तिसरीवर मला त्यांना गाठायला चालणं वाढवावं लागलं.

स्थानकात पाटावर गुरुणीजी बसल्या होत्या, शेजारी त्यांची शिष्या. सासूबाईंसारखंच नाक, तेच रुंद कपाळ. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सासूबाईंनी वंदना केली, कोणत्याही साध्वीला करतात तशीच, आणि हात जोडून गुरुणीजींना म्हणाल्या, “मला प्रायश्चित्त द्यावं. वादळात आमची माच मोडली. तिच्यावर किती जीव होते, सगळे गेले. आणि मी ते बघून आनंदले. आता वाट मोकळी होईल म्हणून.”

गुरुणीजींनी क्षणभर विचार केला. “एक उपवास,” त्या म्हणाल्या.

सासूबाई उठू लागल्या. तेव्हा शेजारची शिष्या, इतका वेळ खाली बघत बसलेली, गुरुणीजींकडे वळली आणि तिने हात जोडले.

“मलाही द्यावं,” ती त्या बसक्या आवाजात म्हणाली. “मीही त्या दुपारी खिडकीत उभी होते.”