तात्यांनी पास केलेली पाकिटं

"फॅट किती?"

खाण्याचं कुठलंही पाकीट हातात आलं की तात्यांचा पहिला प्रश्न हाच. पाकीट उलटं करायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि बारीक छापलेल्या दहा आकड्यांतून नेमका तेवढा एकच शोधायचे. पणदऱ्याजवळच्या एका दूध डेअरीवर त्यांची उभी हयात फॅट तपासण्यात गेली होती. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. निवृत्त होतात, पण हुद्दा काही खांद्यावरून उतरत नाही.

मी बारामतीच्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. तात्यांचं हृदय थकलं होतं. मीठ जास्त झालं की अंगात पाणी साठायचं, पाय सुजायचे, धाप लागायची. मी त्यांना छापील कागद दिला आणि बजावलं, "तात्या, बाकी सगळं विसरलात तरी चालेल, मीठ विसरू नका."

"न्हाय विसरत, म्याडम."

आणि खरंच, लोणचं-पापड बंद केलं, भाजी अळणी खायला लागले. तरी दर महिन्याला पाय सुजलेलेच. मला काही कळेना.

नातीच्या वाढदिवसाला त्यांनी घरी बोलावलं, तेव्हा उलगडा झाला. फ्रीजरमध्ये पाकिटांची चळत होती. कटलेट, चीज बॉल, मक्याच्या टिक्क्या, सगळं गोठवलेलं, तळलं की तयार. खिडकीबाहेर घरचा मका डोक्याइतका उभा, आणि बशीत कुठल्यातरी कारखान्यातून बर्फात आलेला मका. सूनबाईंना बोल लावायला माझी जीभ रेटेना. शाळेतली नोकरी करून दमून आलेल्या बाईने रोजच्या पाहुण्यांपुढे दुसरं काय ठेवायचं?

"तात्यांनी पास केल्याबिगर एक पाकीट घरात येत न्हाय," सूनबाई कौतुकाने म्हणाल्या.

तात्या खुलले. "ह्ये बघा, फॅट सहा. आमच्या म्हशीला सात लागती. दुधापरीस हलकं हाय की ह्ये!"

मी कपाळाला हात लावला. "अहो, तो आकडा तळायच्या आधीचा. कढईतलं तेल कोण मोजणार? आणि तो फक्त दोन नगांचा आहे. त्याखाली सोडियम लिहिलंय ना, ते मीठ. ते वाचा."

"दोन नग?" तात्यांना हसू आवरेना. "दोन वाढून पाहुणा उठवायचा व्हय? पाकीटवाल्याच्या घरी कोण जात न्हाय जणू!"

माझ्या बशीत आणखी चार कटलेट पडले. पाहुण्याला सोबत म्हणून तात्यांनी स्वतः सहा खाल्ले.

खरं सांगते, मला त्यांचा राग यायचा. सोडियमखाली लाल रेघ मारून दिली. मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर लावायला दिलं. सूनबाईंना फोन केले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. "पण खारट लागत न्हाय की, म्याडम," हे उत्तर ठरलेलं. आंबटगोड सॉसमध्ये बुडवून खाल्ल्यावर खारट कसं लागणार? दोन वर्षं मी त्यांच्याशी भांडले आणि दोन वर्षं हरले.

मग त्यांना दवाखान्यात भरती करावं लागलं. घरी परत जाणं त्यांच्या नशिबी नव्हतं, पण ते तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. भेटायला डेअरीच्या टँकरचा जुना ड्रायव्हर आला होता. व्हरांड्यात तो मला सांगत होता, "तात्यांपुढं कुणाची लबाडी चालायची न्हाय. लोकं दुधात पाणी घालायची, आन् ते यंत्रावर कळू नये म्हणून वर मीठ टाकायची. तात्या थेंबभर जिभेवर ठिवायचे आन् म्हणायचे, किटली परत!"

मी जागच्या जागी उभी राहिले. किटलीभर दुधातलं चिमूटभर मीठ ओळखणाऱ्या माणसाला मी दोन वर्षं कागद वाचायला लावत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईंना एक कटलेट आणायला सांगितलं, सॉसशिवाय. तात्या उशीला टेकून बसले होते, नाकात ऑक्सिजनची नळी. मी कटलेटचा कण त्यांच्या बोटावर ठेवला.

"गिळू नका, तात्या. डेअरीवर चाखायचात तसं चाखा."

त्यांनी कण जिभेवर ठेवला, डोळे मिटले. मग वाटीत थुंकून टाकला.

"किटली परत," ते पुटपुटले. आणि सुनेकडे बघून म्हणाले, "नातीला बी मी ह्येच पास करून देत व्हतो?"

सूनबाईंनी तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. मी म्हणाले, "चूक माझी आहे, तात्या. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं."

"तुमची कशी?" ते धापा टाकत म्हणाले. "जीभ माझी हाय."

मग त्यांनी चूळ भरायला पाणी मागितलं. त्यांना पाणीही मोजूनच द्यायचं होतं. मी न मोजता पेला भरून दिला.