छापील उत्तर

"कावून?" हा मॅडमचा ठरलेला प्रश्न. पोरानं फळ्यावर बरोबर उत्तर काढलं, तरी खडू त्याच्याकडे रोखून त्या विचारायच्या, "कावून?" कारण सांगता आलं नाही, की उत्तर पुसलं जायचं.

अकोल्याच्या एका क्लासमध्ये त्या गणित शिकवायच्या, मी शेजारच्या खोलीत रसायनशास्त्र. मधली भिंत पातळ, त्यामुळे त्यांचा राग मला पाठ होता. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या तोंडाला सगळे भितात आणि पोरं त्यांच्याच मागे फिरतात. तापानं फणफणलेल्या एका पोरीला, "घरी झोपता नाही येत काय तुले?" असं झापत त्यांनीच स्कूटीवर घरी सोडलेलं मी पाहिलंय.

एका चाचणीत प्रश्न होता : 2x + 3y = 6 या रेषेला समांतर आणि (3, 1) या बिंदूतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण काढा. एका मुलीनं लिहिलं, 2x + 3y = 9. क्लासचं छापील उत्तर होतं 3x − 2y = 7. तिचं चूक धरलं आणि तेवढ्यावरून तिला वरच्या बॅचमधून खाली टाकलं.

मॅडम तडक संचालकांच्या खोलीत घुसल्या.

"समांतर रेषेचा चढ तोच राह्यते, फक्त शेवटचा आकडा बदलते. तुमची रेघ तं तिले काटकोनात कापून राहिली!"

संचालक हसले. "मॅडम, उत्तरं पालकांच्या ग्रुपवर गेली. आता बदललं तर क्लासचं नाव खराब होईल."

"आन् पोरीचं झालं ते?"

पालकसभेत त्या कोणी न बोलावता उठल्या. फळ्यावर दोन्ही रेषा काढल्या आणि समोरच्या शेतकरी बापांना म्हणाल्या, "वावरात ओळीनं पेरलेली तासं अशी एकमेकाले कापतात काय, सांगा!"

सभा भडकली. मुलीला तिची बॅच परत मिळाली. मॅडमना संचालकांनी त्याच संध्याकाळी सांगितलं, उद्यापासून येऊ नका. असा निर्लज्जपणा मी दुसरा पाहिलेला नाही.

नाही, पाहिला. यंदा तोच पेपर पुन्हा वाटला. उत्तर तेच, 3x − 2y = 7.

मॅडम आता मूर्तिजापूरला घरीच शिकवतात. मी संतापून फोन लावला, सगळं सांगितलं. तिकडून पोरांचा गलका ऐकू आला आणि त्या कोणावर तरी कडाडल्या, "थांब! पुढं जाऊ नको. आधी ती रेघ काढून दाखव मले!"

फोन कानाला तसाच धरून मी ऐकत राहिलो.