कांब बांधण्याआधी

एकोणीसशे एक्क्याऐंशी साल. मी बावीस वर्षांचा, एका पोराचा बाप. दारात मुंबईला न्यायला जीप उभी, आणि मी पडवीत शेजारच्या धोंडूमामांचा मोडलेला पाय ताणून धरून बसलेला. आमचे आप्पा हाडवैद्य. पाय धरायचं काम माझं, हाड बसवायचं त्यांचं. बांबूच्या कांबी बांधून होईपर्यंत पाय सोडायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. जीपवाल्याने तिसरा हॉर्न दिला आणि मी पाय सोडला. मामा किंचाळले. आप्पा एवढंच म्हणाले, "सोडलास?"

मी म्हटलं, "जन्मभर लोकांचे पाय धरायला नाही जन्मलो मी." आणि निघालो.

अबू धाबीकडच्या रुवैसला तेलाच्या रिफायनरीत पाइप फिटर म्हणून चाळीस वर्षं काढली. चौथी नापास माणसाने मुलाला इंजिनियर केलं, याचा मला गर्व आहे, लपवत नाही. लपवलं ते भावाच्या पत्रातलं. मामांचा पाय वाकडाच जुळला, आणि आप्पांनी पुन्हा कुणाच्या हाडाला हात लावला नाही. सुट्टीत गावी आलो की मी मागच्या वाटेने घरी जायचो, मामांचं दार चुकवून. तुम्ही गावकरी म्हणायचात, दुबईवाला माजलाय.

आता दुबईत, बर दुबई भागात, मुलाकडे असतो. नात सई अमेरिकेत डॉक्टरकी शिकायला निघालीय, ऑस्टिओपॅथिक कॉलेजात. तिथे औषधांबरोबर हातांनी हाडं-स्नायू चाचपून उपचार करायलाही शिकवतात. तिने आप्पांबद्दल विचारलं तेव्हा मी छाती फुगवून सगळं सांगितलं. जीपचं तेवढं गाळलं.

गेल्या महिन्यात संध्याकाळी लॅपटॉपवर तिचा इंटरव्ह्यू झाला; निकाल अजून यायचाय. मी शेजारच्या खोलीत, दार उघडं. साइटवर राहून कळण्यापुरतं इंग्रजी मला येतं. पलीकडच्या बाईंनी विचारलं, हेच शिक्षण का? सई म्हणाली, "माझे आजोबा पेशंटचा पाय धरायचे. कांब बांधेपर्यंत त्यांनी कधीच सोडला नाही."

"ब्युटिफुल," बाई म्हणाल्या.

सई धावत येऊन गळ्यात पडली. "आजोबा, दे लव्ड यू!" मला जेवण गेलं नाही.

माझ्यासारखे इकडे आलेले म्हणतात, पोरंबाळं असतात तेच घर. असेल. माझं घर अजून ती पडवी आहे, जिथे माझ्या हातून पाय सुटला. सुटला कसला, सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधी सईला सगळं सांगितलं. म्हटलं, "त्यांना कळव, आजोबा खोटं बोलला."

"आणि ॲडमिशन गेली तर?"

विचारता विचारताच ती लॅपटॉप उघडून कॉलेजला लिहायला बसली. मी भावाला फोन लावला, म्हटलं, मामांकडे जा आणि फोन त्यांच्या हातात दे.

"कोण, दुबईवाला?" मामांचा आवाज अजून खणखणीत. "काय रे, जीप थांबलीय काय अजून?"

"गेली, मामा. तुम्ही काय बोलायचं ते बोला. मी फोन ठेवत नाही."